गेट नंबर तीनचं झाड

साहेब इटलीला जाऊन आले, त्या वर्षीची ही पाच ऑलिव्हं.
ट्रकमधून आडवी आली, मुळं गोणपाटात बांधलेली.
सहा वर्षं रबाळ्याच्या धुरात उभी आहेत,
वरून काळसर, वारा आला की उलटून चंदेरी,
आणि फुलाच्या नावानं शून्य.
हसूराम मढवी आळी करताना म्हणायचा,
‘शोभेचा झार हाय, बाई. शोभंला फूल कशाला?’

यंदा मार्चमध्ये गेट नंबर तीनजवळचं फुललं.
एकच. बाकीची चार ढिम्म.

मी क्वालिटीत आहे, अठरा वर्षं.
गोळीवरचा केसाएवढा तडा मला दिव्याखाली दिसतो,
घरच्यांच्या आवाजातला मात्र उशिरा ऐकू येतो.
जेवणाच्या सुट्टीत भिंग घेऊन गेले,
डबा कठड्यावर, भेंडी तशीच.
मोहरीएवढ्या कळ्या, उमललेल्यांना चार पांढऱ्या पाकळ्या,
दोन फुगीर पिवळे पुंकेसर
आणि मध्ये, असलाच तर,
एक हिरवा थेंब, मान असलेला.
असलाच तर.

शंभर फुलं मोजली, सवयीनं रेघा ओढत,
पाचाची एक जुडी.
एकोणतीस पुरी.
एकाहत्तरांत मधला थेंब नाही,
त्या जागी एक ठिपका, सुरू होऊन थांबलेला.
झाडानं कळीतच हिशेब मांडला असणार:
ओल इतकी, पानं इतकी,
एवढ्यात सगळ्यांची ओटी भरायची नाही.
पाकळ्या मात्र सगळ्यांना सारख्या वाटल्या,
लांबून बघणाऱ्याला काही कळू नये अशा.

हा लॉट माझ्या टेबलावर आला असता
तर लाल शिक्का, दोन सह्या आणि भट्टी.
हसूरामला सांगितलं. तो पाईप गुंडाळत होता.
‘आंब्याचा मोहर तरी काय वेगला?
सगला लागला त खांदी मोरंल.’

पण हेच झाड का?
आणि त्यातही फुलल्या त्या फांद्या
एकाच बाजूच्या, खालच्या?
दोन दिवसांनी पायाला गार लागलं तेव्हा उमगलं.
कोल्ड रूम दोनचा दरवाजा.
खालचं रबर डिसेंबरपासून फाटलेलं.
इन्सुलिनसाठी राखलेली थंडी रात्रभर फटीतून झिरपायची,
उतार धरून यायची पाण्यासारखी,
आळ्यात साठायची, फांद्यांना बिलगायची.
ह्याला वाटलं, हिवाळा आला.
बाकीच्या चौघांपर्यंत निरोप गेलाच नाही.

ती फट कागदावर मीच आणली होती.
नोंद चौदा, माझ्या अक्षरात:
‘तापमान गळती. दुरुस्ती तातडीची.’
गुरुवारी नवं रबर बसलं.
मी दरवाजाच्या चारी कडांवरून तळहात फिरवला,
कुठेच काही लागलं नाही.
सही केली. ते औषध कोणाच्या तरी दंडात जायचं असतं,
सही करायचीच असते.
तारीख घालताना पेन अडलं, इतकंच.

मग पाकळ्या गळाल्या, कोंड्यासारख्या,
हसूरामनं दोन सुपं भरून नेल्या.
शंभरात एक फळ धरलं
तर तिकडं चांगलं साल म्हणतात, असं वाचलं होतं.
इथे वाऱ्यावर पराग धाडायला शेजारी कोणी फुललंच नव्हतं.
मे संपता संपता
अख्ख्या झाडाला एक मणी दिसला, हरभऱ्याएवढा.
कुठल्या रजिस्टरमध्ये लिहू?

हसूराम रोज बघून येतो. कोणाला सांगत नाही.
काल विचारलं, ‘पिकल्यावं खायाचा कसा?’
झाडावरचा कडू असतो, म्हटलं,
मिठाच्या पाण्यात मुरवावा लागतो, महिनोन्‌महिने.
तो हसला. पाईपचं तोंड
खाडीच्या अंगाला धरलं, काचेच्या इमारतींकडे.
‘मीठ? तिथं आमचे आजाचा मिठागर व्हता.
आधी सांगाचा ना.’